कपाटातील नेटबुक पुन्हा कामाला : मेमरी व साठवण वाढविण्याविषयी थोडेसे

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य स्मरणिकांच्या पानांवर आपण किती वर्षे वाचत आलो आहोत! वाक्य खरेच आहे. परंतु हे युग ज्या यंत्रांनी आपल्या दारापर्यंत आणले, त्यांतील कितीतरी यंत्रे आज आपल्या घरांतून कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या शेजारी पडून आहेत. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेतही असे तीन छोटे संगणक होते. सभासदांनीच केव्हातरी आपुलकीने दिलेले. दहा इंची पडदा, वहीएवढा आकार, वजन सव्वा किलोच्या आसपास. मुले त्यांना ‘लहान लॅपटॉप’ म्हणत. त्यांचे बाजारातील नाव नेटबुक.

एके दिवशी अकरावीतील एक मुलगी त्यांपैकी एक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, हा चालू होतो, पण हलत नाही.” पुढे तीन आठवडे या तीन यंत्रांशी झटापट केल्यानंतर मला असे वाटते की, नेटबुकच्या आजाराचे याहून अचूक वर्णन कोणी केले नसेल. बटण दाबले की दिवा लागतो, पडद्यावर चित्र येते, आणि मग एक खिडकी उघडायला चहा होऊन प्यायला जाईपर्यंतचा वेळ लागतो.

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सरळ दोन मते पडली. एक मत, भंगारात द्या. दुसरे मत, दुरुस्त करा, मुलांच्या उपयोगी पडतील. खजिनदारांनी मात्र नेहमीप्रमाणे नेमका प्रश्न विचारला : “खर्च किती, आणि त्यातून मिळणार काय?” हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाला दिलेले सविस्तर उत्तर होय. शिवाय एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच ध्यानात नव्हती, ती मला यंत्र उघडल्यावर कळली. तीनपैकी एका नेटबुकमध्ये आपल्या मागील काही स्मरणिकांचा सर्व मजकूर टाइप केलेला होता आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती हकीकत पुढे येईलच.

नेटबुक म्हणजे काय?

२००७ च्या अखेरीस तैवानच्या असूस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा स्वस्त संगणक बाजारात आणला. त्याच्या सुरुवातीच्या प्रचलित नमुन्यात ५१२ एमबी मेमरी व अवघी ४ जीबी साठवण होती. पुढच्याच वर्षी इंटेलने ‘अॅटम’ हा अत्यंत कमी वीज खाणारा प्रोसेसर काढला आणि एसर, एचपी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग अशा सर्वांनीच या मैदानात उडी घेतली. लवकरच एक ठरीव साचा तयार झाला : दहा इंची पडदा, अॅटम प्रोसेसर, १ जीबी मेमरी, १६० किंवा २५० जीबीची हार्ड डिस्क. पुढे टॅब्लेट व स्मार्टफोन आले आणि ही लाट ओसरली. २०१२ संपता संपता असूस व एसर या दोन्ही कंपन्यांनी नेटबुक बनविणे थांबविले. म्हणजे आज आपल्या हातात असलेले कोणतेही नेटबुक बहुधा दहा-बारा वर्षांहून जुने आहे, हे प्रथमच लक्षात घ्यावे.

आता, मेमरी १ जीबीच का? ती वाढविता येत नव्हती म्हणून नव्हे. मायक्रोसॉफ्टने नेटबुकसाठी विंडोज एक्सपीचा स्वस्त परवाना दिला तेव्हा यंत्र किती मोठे असावे याच्या अटी घातल्या होत्या, आणि १ जीबी मेमरीची मर्यादा ही त्यांतील एक होती. पुढे आलेले ‘विंडोज ७ स्टार्टर’ हेही २ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरतच नसे. त्यात पडद्यावरचे चित्र बदलण्याचीही मुभा नव्हती! स्वस्त यंत्राने महाग यंत्राचा धंदा बुडवू नये, एवढाच त्यातील हेतू मला दिसतो. हे सांगण्याचे कारण असे की, ही यंत्रे जन्मतःच थोडी बांधून ठेवलेली होती, आणि बांधलेली गाठ काही अंशी सोडविता येते.

ओटा आणि माळा

मेमरी आणि साठवण या दोन शब्दांत आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. “माझ्या मोबाइलची मेमरी भरली” असे आपण म्हणतो तेव्हा भरलेली असते ती साठवण. स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. साठवण म्हणजे माळा. वर्षाचे गहू, तांदूळ, मसाले तेथे ठेवलेले असतात, वीज गेली तरी जागच्या जागी राहतात. मेमरी, म्हणजे दुकानदार जिला रॅम म्हणतो ती, म्हणजे ओटा. आत्ता जे रांधायचे आहे तेवढेच ओट्यावर काढायचे. काम संपले की ओटा पुसून स्वच्छ. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते ती अशी.

ओटा लहान असेल तर काय होते? भाजी चिरताना पिठाची परात खाली ठेवावी लागते. संगणकही तेच करतो. रॅम पुरेनाशी झाली की आत्ता न लागणारा भाग उचलून तो माळ्यावर, म्हणजे डिस्कवर ठेवतो, आणि लागला की पुन्हा खाली आणतो. या उचल-ठेवीला स्वॅप म्हणतात. आणि आपला माळा आहे उंच. शिडी लावूनच चढावे लागते. नेटबुकमधील हार्ड डिस्क म्हणजे साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावरील हवी ती नोंद शोधण्यासाठी वाचणारे टोक सरकवावे लागते, मग तबकडी फिरून ती जागा खाली येईपर्यंत थांबावे लागते. एका फेऱ्यालाच ११ मिलिसेकंद लागतात. परिणामी विखुरलेल्या नोंदी वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभरदेखील वाचू शकत नाही. आजचा ब्राउझर उघडताना अशा हजारो छोट्या नोंदी लागतात. “चालू होतो, पण हलत नाही” याचा अर्थ इतकाच, की यंत्र सारखे शिडीवरून वरखाली करीत आहे.

एसएसडी ही आकाराने त्याच डिस्कसारखी, पण तिच्यात फिरणारे काहीच नसते. सर्व काही चिपांमध्ये. तेथे शिडीच नाही. ओट्यालगतच्या फडताळातून डबा काढावा तशी ती सेकंदाला हजारो नोंदी काढून देते.

यावरून पहिला प्रश्न सुटतो : आधी काय बदलावे? दोन्ही करणे शक्य असल्यास दोन्ही करावे. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर माझे स्पष्ट मत एसएसडीच्या बाजूने आहे. एक तर फरक त्याने अधिक पडतो. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे. अडीच इंची साटा एसएसडी उद्या हे नेटबुक बंद पडले तरी काढून दुसऱ्या लॅपटॉपला किंवा साध्या संगणकाला लावता येते. जुन्या प्रकारची रॅम मात्र या यंत्राबरोबरच निकालात निघते. खजिनदारांना हा मुद्दा चटकन पटला.

पैसे खर्चण्यापूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी यंत्राची नाडी पाहावी. विंडोज असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. आपण नेहमी करतो ती कामे चालू ठेवून मेमरीचा आकडा पाहावा. तो सतत काठोकाठ असेल आणि डिस्कचा दिवा विझतच नसेल, तर वर सांगितलेला आजार पक्का. मेमरी निम्मी रिकामी असूनही यंत्र हळू असेल, तर दोष डिस्कचा आहे, किंवा नको असलेल्या कार्यक्रमांची गर्दी झाली आहे. आणि प्रोसेसरचाच आकडा शंभरावर खिळलेला असेल, तर भाऊ, रॅमवर एक पैसाही घालवू नका. अॅटम प्रोसेसर बोर्डाला कायमचा जोडलेला असतो, तो बदलता येत नाही.

मग प्रोसेसरचे नाव लिहून घ्यावे, कारण पुढचे सर्व त्यावर ठरते. २००८-०९ च्या यंत्रांत बहुधा एन२७० असतो. तो ३२ बिटचा असून त्याच्यासोबतच्या चिपसंचाला डीडीआर२ रॅम लागते. २०१० पासून एन४५० आला. तो ६४ बिटचा आहे, रॅम डीडीआर२. त्याच वर्षी मागाहून आलेले एन४५५ व एन५५० हे डीडीआर३ रॅम घेऊ शकतात. या सर्वांत रॅमची कमाल मर्यादा २ जीबी. चार जीबीची पट्टी लावली म्हणजे दुप्पट फायदा, असे येथे होत नाही. बहुधा यंत्र सुरूच होत नाही.

येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. अभ्यासिकेतील दोन नेटबुके एकाच कंपनीची, एकाच रंगाची व एकाच नावाची होती. एक उघडून पाहिले, त्यात डीडीआर२ होती. दुसरे सारखेच असणार, असे गृहीत धरून मी दोन पट्ट्या आणल्या. दुसऱ्या यंत्रात निघाली डीडीआर३. नाव तेच, पण आतील बोर्ड पुढच्या वर्षीचा. डीडीआर२ च्या लॅपटॉपच्या पट्टीला २०० टोके असतात आणि ती १.८ व्होल्टवर चालते; डीडीआर३ ला २०४ टोके, व्होल्ट १.५. पट्टीच्या कडेची खाचही वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून ती बसतच नाही, आणि ते बरेच आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. पट्टी चुकली आहे असे समजावे. दुकानदार भला होता, त्याने बदलून दिली. तरीही बसचे दोनदा भाडे गेले ते गेलेच, आणि ते मी संस्थेच्या खात्यात टाकले नाही.

तात्पर्य, जुनी पट्टी काढून तीच हातात घेऊन दुकानात जावे. तिच्यावरील कागदी चिठ्ठीवर पीसी२ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर डीडीआर२, पीसी३ ने असेल तर डीडीआर३. क्रमांकातील वेगाचा आकडा आपल्या पट्टीपेक्षा मोठा असला तर सहसा बिघडत नाही, ती यंत्राच्या वेगाने चालते. पीसी३ नंतर एल हे अक्षर असलेली कमी व्होल्टची पट्टीही १.५ व्होल्टवर चालते. मात्र काही जुन्या यंत्रांना नव्या, दाट चिपांची रॅम ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चिपा असलेली जुन्या धाटणीची २ जीबीची पट्टी मिळाल्यास ती घ्यावी आणि ‘चालली नाही तर परत’ एवढे बोलून ठेवावे. अशी रॅम आता बहुधा वापरलेलीच मिळते. रॅम फिरत नाही, घासत नाही, त्यामुळे वापरलेली घेण्यात संकोच नको. एसएसडी मात्र वापरलेली घेऊ नये; तिच्या चिपांवर लिहिण्याला मर्यादा असते आणि आधीच्या मालकाने किती लिहिले ते डोळ्यांना दिसत नाही.

एसएसडी घेताना १२० ते २५६ जीबीपर्यंतची, अडीच इंची, साटा जोडणीची, सात मिलिमीटर जाडीची एवढे पाहिले की पुरे. जुनी डिस्क बहुधा साडेनऊ मिलिमीटर जाड असते. उरलेली फट भरण्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते, किंवा डिस्क लोखंडी साच्यात स्क्रूने बसत असेल तर तिचीही गरज नसते. सर्वांत वेगवान, महागडी एसएसडी येथे वाया जाते, कारण नेटबुकची साटा जोडणी जुन्या पिढीची आहे. फार स्वस्तात ‘२ टीबी’ असे काही मिळत असेल तर तेथून निघून यावे. आणि अगदी सुरुवातीच्या नेटबुकांबाबत सावध राहावे. पहिल्या ई पीसीची ४ जीबी साठवण बोर्डावरच डाखलेली आहे. एसरच्या पहिल्या अॅस्पायर वनमध्ये ८ जीबीच्या नमुन्याला वेगळीच, बारीक फितीची जोडणी आहे. शिवाय त्याच्या रॅमपर्यंत पोहोचायला सबंध यंत्र सुटे करून बोर्ड बाहेर काढावा लागतो. अशा यंत्रांवर वेळ व पैसा दोन्ही घालवू नये, असे मी म्हणेन.

आधी मजकूर, मग स्क्रूड्रायव्हर

तिसऱ्या नेटबुकमधून ‘टक् टक्’ असा आवाज येत होता. फिरत्या डिस्कचा हा आवाज म्हणजे दम्याच्या रुग्णाची घरघर. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा, प्रत्येक सुरुवात शेवटची ठरू शकते. मी दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला आणि त्यावरून हे नेटबुक सुरू केले, म्हणजे आजारी डिस्कवर विंडोजचा भार पडला नाही. संपूर्ण डिस्क उतरविण्याच्या फंदात न पडता आधी फक्त ‘स्मरणिका’ नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. मग सभासदांची यादी. मग शिष्यवृत्तीचे जुने अर्ज. छायाचित्रे घ्यायला गेलो, तेव्हा डिस्कने मान टाकली. एका वर्षाच्या स्मरणिकेची एक फाइल अर्धीच आली. बाकीच्या हाती लागल्या.

पण अडचण येथेच संपली नाही. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा काला! ज्यांनी १९९० नंतरच्या काळात डीटीपीचे काम पाहिले आहे, त्यांना कारण लगेच कळेल. त्या वेळचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसे. श्रीलिपीसारख्या प्रणालीत प्रत्येक अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेले असे, आणि तो फाँट यंत्रात असेल तरच मराठी दिसे. अनेक मुद्रणालयांत ही पद्धत नंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली. फाँट त्याच मेलेल्या डिस्कवर होता. सुदैवाने मुद्रणालयाकडे त्याची प्रत होती, म्हणून निभावले. तेव्हा वाचकांना आग्रहाची विनंती : जुन्या संगणकातून मजकूर काढताना फाइलींबरोबर विंडोजमधील फाँट्स हा फोल्डरही उतरवून घ्यावा. फाइल आहे आणि फाँट नाही, म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही. आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.

मजकूर उतरवायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. नेटबुकचे यूएसबी दुसऱ्या पिढीचे असते. शंभर जीबी मजकूर असेल तर धडधाकट डिस्कवरूनही तासभर सहज जातो. घाईच्या दिवशी हे काम काढू नये.

प्रत्यक्ष उघडताना

बाकीची दोन नेटबुके आम्ही अभ्यासिकेतील मोठ्या टेबलावर, जुनी पांढरी चादर अंथरून उघडली. पांढरी अशासाठी, की पडलेला स्क्रू दिसावा. चार्जर काढावा, मागची बॅटरी काढावी, आणि मग सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावरील स्थिर विजेचीही काळजी घ्यावी लागते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट होते, तीच चिपेला मारू शकते. नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून मगच रॅमला हात लावावा, आणि तीही कडेला धरावी.

उघडण्याची तऱ्हा प्रत्येक यंत्राची वेगळी. काहींना, उदाहरणार्थ डेलच्या इन्स्पिरॉन मिनी ९ ला, खालच्या बाजूला झाकण असते. दोन स्क्रू काढले की रॅम व साठवण दोन्ही समोर. सॅमसंगच्या एनसी१० ला रॅमसाठी झाकण आहे, पण डिस्कसाठी सारे उघडावे लागते. आमच्या दोन्ही यंत्रांना खाली झाकणच दिसेना. शेवटी कळले की वाट कळफलकाच्या खालून आहे. कळफलकाच्या वरच्या कडेला तीन-चार छोट्या खुंट्या असतात. त्या बारीक, चपट्या टोकाने एकेक मागे सारल्या की कळफलक वर येतो. तो एकदम ओढू नये! त्याच्या खाली कागदासारखी पातळ फीत बोर्डात गेलेली असते, आणि तिला धरून ठेवणारी पट्टी नखाने हळूच उचलावी लागते. माझ्या मते सबंध कामात सर्वांत नाजूक क्षण हाच. फीत सुटली की खालचे स्क्रू दिसतात, ते काढून तळाचे झाकण मोकळे होते.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो. आमच्यातील एका विद्यार्थ्याने कागदावर यंत्राची आकृती काढली आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवला. मला हे सुचले नव्हते. स्क्रूड्रायव्हर, ज्याला आपले मिस्त्री डिसमिस म्हणतात, तो बारीक फुलीच्या टोकाचा व नेमक्या मापाचा असावा. मोठा घेतला तर स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो निघता निघत नाही.

रॅमच्या दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे बाहेर सारले की पट्टी आपोआप तिरपी वर उचलली जाते. नवी पट्टी तशीच तिरपी धरून खाचेत पूर्ण सरकवावी आणि मग खाली दाबावी. ‘टक्’ असा आवाज आला की बसली. सोनेरी टोके अर्धी बाहेर दिसत असतील तर ती बसलेली नाही. डिस्क तिच्या साच्यासह जोडणीपासून बाजूला सरकवून काढायची आणि एसएसडी त्याच साच्यात घालून सरकवायची. आत पाहतोच आहोत तर रुपयाएवढ्या गोल घड्याळ-बॅटरीकडेही लक्ष द्यावे. ती संपलेली असेल तर यंत्राची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की आजची सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत. आमच्या एका यंत्राचे ‘इंटरनेट बिघडले’ आहे अशी तक्रार वर्षभर होती, ती एवढ्या एका बॅटरीने मिटली. सर्वच नेटबुकांत ती सहज निघणारी नसते. दिसली तर बदलावी.

बंद करण्याआधी एकदा सुरू करून पाहावे. सुरुवातीलाच एफ२ किंवा त्या यंत्राची ठरलेली कळ दाबून सेटिंगच्या पानावर गेले की रॅमचा आकडा व एसएसडीचे नाव तेथे दिसते. पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. दहापैकी नऊ वेळा रॅम नीट बसलेली नसते. त्यानंतर मेमटेस्ट हा तपासणीचा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवला, की वापरलेल्या रॅमबद्दलची शंका फिटते.

आत काय भरावे?

जुने विंडोज तसेच नव्या एसएसडीवर उतरविता येते, पण ते करू नये. विंडोज एक्सपीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ ला जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० ला सर्वसाधारण ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, म्हणजे तो दरवाजा बंदच. शिवाय एक्सपीला एसएसडीची निगा राखणारी सोय माहीत नाही, आणि तो डिस्कचे भागही एसएसडीला न मानवणाऱ्या जागेपासून पाडतो.

उरतो लिनक्स. तो विनामूल्य आहे, आणि मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात सहज सुरू करता येतो. आम्ही एलएक्सक्यूटी हा हलका पडदा असलेली डेबियन १२ ही आवृत्ती घातली. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे लिहून ठेवलेले येथे उपयोगी पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर ती बसविण्याची सोय काढून टाकण्यात आली. फायरफॉक्सनेही १४४ या आवृत्तीनंतर ३२ बिटच्या लिनक्ससाठी नवी आवृत्ती देणे बंद केले. म्हणजे एन२७० च्या यंत्राचे इंटरनेटवरील आयुष्य आता मोजके आहे. त्याच्यावर नवा खर्च करू नये. मजकूर टाइप करणे, पुस्तके वाचणे एवढ्यासाठी ते इंटरनेटविना ठेवावे. एन४५०, एन४५५, एन५५० यांना ही अडचण नाही.

आता खजिनदारांच्या प्रश्नाचा दुसरा भाग : मिळाले काय? दोन्ही नेटबुके बटण दाबल्यापासून मिनिटभरात कामाला तयार होतात. मराठी टाइप करणे, स्पर्धा परीक्षांच्या पीडीएफ वाचणे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे, जमाखर्चाचा तक्ता मांडणे, ईमेल पाहणे हे सर्व व्यवस्थित होते. ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीन पाने उघडावीत. दहा उघडली की पुन्हा शिडी लागते. व्हिडिओवरील व्याख्याने मात्र या यंत्रावर नीट दिसत नाहीत, आणि रॅम वाढवून ती दिसणारही नाहीत. तो दोष प्रोसेसरचा आहे. ज्या घरात एकच संगणक घ्यायचा आहे आणि मुलांचे वर्ग ऑनलाइन आहेत, त्यांनी जुन्या नेटबुकवर खर्च न करता ते पैसे वापरलेल्या चांगल्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकावेत, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. अभ्यासिकेची गोष्ट वेगळी. तेथे फोन बाजूला ठेवून दोन तास वाचत बसण्यासाठी असे यंत्र उलट बरे, असे त्या अकरावीतल्या मुलीचेच म्हणणे पडले.

निघालेल्या दोन चांगल्या हार्ड डिस्क यूएसबीच्या डब्यांत घालून संस्थेच्या कागदपत्रांच्या प्रती ठेवण्यासाठी वापरात आणल्या आहेत. एक कार्यालयात आणि एक सचिवांच्या घरी. एकाच जागी दोन्ही ठेवल्या तर प्रतीचा काय उपयोग? अर्धीच आलेली ती स्मरणिका सध्या छापील अंकावरून पुन्हा टाइप होत आहे, युनिकोडमध्ये. आणि तिसरे नेटबुक, ज्याचा बोर्डही नंतर बंद पडला, ते विद्यार्थी दर रविवारी उघडतात आणि परत जोडतात. आतापर्यंत त्याचे दोन स्क्रू हरवले आहेत, पण कळफलकाची फीत अजून एकाचीही तुटलेली नाही.